चिल्लरमधील संग्राह्य नाणी

चिल्लरमधील संग्राह्य नाणी म्हणजे रोजच्या व्यवहारात हाती येणाऱ्या सुट्ट्या पैशांतून, दुकानाच्या गल्ल्यातून किंवा बँकेतून दर्शनी किमतीला घेतलेल्या थैल्यांतून निवडून काढलेली, संग्रहाच्या दृष्टीने उपयुक्त नाणी होत. हा नाणेसंग्रहाचा सर्वांत कमी खर्चाचा प्रकार आहे. संग्रहात न ठेवलेले नाणे पुन्हा खर्च करता येते, त्यामुळे शोधणाऱ्याचा वेळ गेला तरी पैसा जात नाही. भारतात स्मारक नाणी, टाकसाळींची चिन्हे, परदेशी टाकसाळींत पाडलेली नाणी आणि छपाईतील दोष या चार गोष्टींभोवती हा शोध फिरतो. अशा बहुतेक नाण्यांना बाजारात दर्शनी किमतीपेक्षा थोडीच अधिक किंमत मिळते. समाजमाध्यमांवर सांगितल्या जाणाऱ्या लाखो रुपयांच्या किमतींना आधार नाही.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात एका पिढीची चिल्लर हा पुढच्या पिढीचा संग्रह होतो, हे अनेकदा घडले आहे. शिवरायांच्या काळापासून चालत आलेली तांब्याची शिवराई पेशवाईनंतरही काही काळ बाजारात वापरली जात होती. १९४३ ते १९४७ या काळात तांब्याची बचत करण्यासाठी मधोमध छिद्र असलेला पैसा पाडण्यात आला. मराठीत तो ‘भोकाचा पैसा’ म्हणून ओळखला जातो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि १६ आण्यांच्या, ६४ पैशांच्या रुपयाचे १०० नवे पैसे झाले. ‘नवे’ हा शब्द १ जून १९६४ पासून वगळण्यात आला. तरीही २५ पैशांना ‘चार आणे’ किंवा ‘पावली’ आणि ५० पैशांना ‘आठ आणे’ म्हणण्याची पद्धत पुढे कित्येक दशके टिकली.

३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालील सर्व नाणी वैध चलनातून रद्द झाली. त्यामुळे धार्मिक कार्यातील ‘सव्वा रुपया’ प्रत्यक्ष नाण्यांत देणे शक्य राहिले नाही आणि ११, २१ अशा रकमा अधिक रूढ झाल्या. ५० पैशांचे नाणे मात्र आजही वैध आहे, जरी ते घेणारा दुकानदार क्वचितच भेटतो.

बँकेची थैली

अमेरिकेत बँकांकडून कागदी वेष्टनातील नाण्यांचे रोल मिळतात. पाव डॉलरच्या रोलमध्ये ४० नाणी असतात. तेथे १९६४ पर्यंतची १० व २५ सेंटची नाणी चांदीची होती, म्हणून असे रोल उघडून चांदी शोधण्याचा छंद वाढला. भारतात रोलची पद्धत नाही. बँकांनी ग्राहकांकडून नाणी १०० च्या प्लॅस्टिक पिशव्यांत स्वीकारणे सोयीचे ठरेल, असे रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत म्हटले आहे. व्यापारी, देवस्थाने आणि बँका यांच्यात चिल्लर बहुधा अशाच पिशव्यांतून फिरते. बँकेत नाणी जमा करण्यावर ग्राहकाला मर्यादा नाही. काही बँका नाणे मेळावे भरवून जुन्या नोटांच्या बदल्यात नाणी देतात.

थैली कोणत्या प्रकारची आहे यावर शोधाचे यश अवलंबून असते. टाकसाळीतून आलेल्या नव्या थैलीत बहुधा एकाच वर्षाची आणि एकाच टाकसाळीची नाणी असतात. तिच्यातून विविधता मिळत नाही, पण न वापरलेली चकचकीत नाणी मिळतात आणि एखादे सदोष नाणे सापडण्याची शक्यता असते. दुकानदाराने किंवा देवस्थानाने भरलेल्या मिश्र थैलीत तीस-पस्तीस वर्षांची नाणी एकत्र येतात. नवख्या संग्राहकासाठी ती अधिक उपयोगाची ठरते.

मुळशी तालुक्यातील स्थिती

पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड या मार्गाने ताम्हिणी घाटातून कोकणात जाणारा रस्ता मुळशी तालुक्यातून जातो. पौड हे तालुक्याचे ठिकाण आहे, पिरंगुट परिसरात कारखाने आहेत आणि पावसाळ्यात मुळशी धरण व ताम्हिणी येथे पुण्या-मुंबईच्या पर्यटकांची गर्दी असते. त्यामुळे चहाच्या टपऱ्या, वडापावच्या गाड्या आणि बसचे वाहक यांच्याकडे जमणारी चिल्लर दूरदूरच्या ठिकाणांहून आलेली असते. शहरात मोबाइलवरून पैसे देण्याची सवय वाढल्यापासून नाणी हाताळण्याचे प्रसंग कमी झाले आहेत. रस्त्यालगतच्या छोट्या विक्रेत्यांचा गल्ला आणि मंदिराची दानपेटी ही आता चिल्लर मिळण्याची मुख्य ठिकाणे उरली आहेत.

जुनी नाणी घरांतूनही मिळतात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवली जाणारी नाणी आणि कलशात टाकलेला पैसा पिढ्यान्‌पिढ्या देवघरात राहतो. लग्नातील आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला एक रुपयाही कधी कधी न वापरलेल्या स्थितीत सापडतो, मात्र त्याच्या एका बाजूला डिंकाचा डाग असतो.

तालुक्यातील घनगड, कोरीगड यांसारख्या किल्ल्यांवर किंवा शेतात जमिनीखाली सापडलेले नाणे चिल्लरमध्ये मोडत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

टाकसाळीची खूण

बहुतेक भारतीय नाण्यांवर वर्षाच्या खाली टाकसाळीची खूण असते. मुंबईच्या टाकसाळीची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची पाच टोकांची चांदणी आणि नोएडाची लहान गोल टिंब आहे. कोलकात्याच्या नाण्यांवर कोणतीही खूण नसते. नोएडाची टाकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या वर्षाखाली टिंब दिसल्यास तो घाणीचा कण किंवा छपाईचा दोष समजावा. झिजलेल्या नाण्यावर हिरा आणि टिंब यांत फरक करणे अवघड जाते, त्यासाठी भिंग लागते.

एका मूल्याचे नाणे प्रत्येक वर्षाचे आणि प्रत्येक टाकसाळीचे मिळवणे हा चिल्लर शोधणाऱ्यांचा आवडता उपक्रम आहे. त्याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते. कोणते नाणे खरोखर दुर्मिळ आहे हे ठरवणे मात्र सोपे नाही. ब्रिटनमध्ये २००९ च्या क्यू उद्यानाच्या ५० पेन्सच्या नाण्याची संख्या २,१०,००० असल्याचे जाहीर झाले आणि त्यामुळेच ते प्रसिद्ध झाले. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात चलनातील नाण्यांचे मूल्यनिहाय आकडे असतात. त्यावरून विशिष्ट वर्षाची आणि टाकसाळीची संख्या समजत नाही, म्हणून संग्राहकांना अनुभवावर आणि सूचिग्रंथांवर विसंबावे लागते.

सुट्ट्या नाण्यांची टंचाई भासल्याने सरकारने काही वेळा परदेशांतही नाणी पाडून घेतली. १९८५ च्या काही एक रुपयाच्या नाण्यांवर वर्षाखाली इंग्रजी ‘एच’ हे अक्षर आहे, ते बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचे आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिको, स्लोव्हाकियातील क्रेम्निका, दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया आणि मॉस्को येथेही भारतीय नाणी तयार झाली. १९९९ च्या पाच रुपयांच्या काही नाण्यांवर मॉस्को टाकसाळीची रशियन आद्याक्षरे आढळतात. ही नाणी अतिदुर्मिळ नाहीत, तरी थैलीत मिळाल्यास आवर्जून बाजूला ठेवली जातात.

धातू व आकार

चिल्लर लवकर निवडण्यासाठी लोहचुंबकाचा उपयोग होतो. १९९२ पासूनचे स्टेनलेस स्टीलचे एक रुपयाचे नाणे चुंबकाला चिकटते, तर त्याआधीचे ताम्र-निकेलचे चिकटत नाही. पाच रुपयांत हा फरक अधिक उपयोगी आहे. १९९२ पासून निघालेले ९ ग्रॅम वजनाचे जाड नाणे ताम्र-निकेलचे होते. २००७ च्या सुमारास स्टीलचे पातळ नाणे आले आणि २००९ पासून पिवळसर निकेल-पितळेचे नाणे सुरू झाले. यांपैकी मधले तेवढे चिकटते. जाड पाच रुपये वितळवण्यासाठी चलनातून बाहेर नेले जात असल्याच्या बातम्या त्या काळात वृत्तपत्रांत येत असत. आज ते चिल्लरमध्ये कमी दिसते.

दोन रुपयांचे अकरा बाजूंचे ताम्र-निकेलचे नाणे १९९२ पासून प्रचारात आले. २०११ मध्ये रुपयाचे चिन्ह असलेली नवी मालिका निघाली. तिच्यातील दोन रुपयांचा व्यास २५ मिलिमीटर व वजन ४.८५ ग्रॅम आहे आणि १९९२ च्या स्टीलच्या एक रुपयाचे मापही नेमके तेवढेच होते. जुना रुपया आणि नवे दोन रुपये यांत दुकानदारांची आणि वाहकांची गल्लत होते ती यामुळे.

दहा रुपयांचे द्विधातू नाणे २००९ मध्ये चलनात आले. त्यावरील रेषांची संख्या आणि रुपयाचे चिन्ह यांवरून खरे-खोटे ठरवण्याच्या अफवा पसरल्या आणि अनेक ठिकाणी ते नाकारले जाऊ लागले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की तोवर १४ वेगवेगळ्या नमुन्यांची दहा रुपयांची नाणी काढली असून सर्व वैध आहेत. ज्या विविधतेमुळे संशय निर्माण झाला, तीच संग्राहकाला हवी असते. नाकारलेली नाणी दुकानदार आनंदाने देऊन टाकतात, त्यामुळे हे १४ नमुने जमवणे त्या काळात विशेष सोपे झाले होते.

स्मारक नाणी

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या स्मरणार्थ निघाले. काही स्मारक नाणी केवळ संग्राहकांसाठी चांदीत काढली जातात आणि टाकसाळीकडून अधिक किमतीला विकली जातात. ती चिल्लरमध्ये येत नाहीत. व्यवहारासाठी काढलेली स्मारक नाणी मात्र नेहमीच्या नाण्यांत मिसळून फिरतात.

मराठी वाचकाला यांतील काही नाणी विशेष ओळखीची वाटतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचे एक रुपयाचे नाणे १९९० चे आहे, तर त्यांच्या १२५ व्या जयंतीचे दहा रुपयांचे नाणे २०१५ मध्ये निघाले. १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे आले. संत तुकारामांचे दोन रुपयांचे नाणे २००२ चे, लोकमान्य टिळकांच्या १५० व्या जयंतीचे पाच रुपयांचे नाणे २००७ चे आहे. आळंदी आणि देहू ही दोन्ही ठिकाणे पुणे जिल्ह्यातच असल्याने ज्ञानेश्वर व तुकाराम यांची नाणी येथील अनेकांनी श्रद्धेपोटी बाजूला काढून देव्हाऱ्यात ठेवली. संग्रहासाठी याचा परिणाम चांगला झाला, कारण अशी नाणी झिजली नाहीत.

६ जून २०२२ रोजी स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचे बोधचिन्ह असलेली १, २, ५, १० व २० रुपयांची मालिका प्रसृत करण्यात आली. बारा बाजूंचे २० रुपयांचे नाणे त्याआधी २०१९ मध्ये जाहीर झाले होते.

सदोष नाणी

चकती साच्यात नीट न बसल्यास चित्र एका बाजूला सरकते. चकतीचा तुकडा आधीच कापला गेला असल्यास नाण्याची कड चंद्रकोरीसारखी तुटलेली दिसते. आधीचे नाणे साच्याला चिकटून राहिल्यास पुढच्या नाण्यावर एकच चित्र एका बाजूला सुलटे व दुसऱ्या बाजूला उलटे, खोलगट उमटते. भारतीय नाणे उभ्या अक्षाभोवती, पुस्तकाचे पान उलटावे तसे फिरवले असता मागील बाजूही सुलटीच दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा उलटी दिसल्यास साचा फिरलेला असतो. हा दोष डोळ्यांनी सहज ओळखता येतो.

टाकसाळीबाहेर झालेली इजा म्हणजे दोष नव्हे. हातोड्याने ठोकलेली, तापवलेली, आम्लात बुडवलेली किंवा मधला भाग काढून उलटा बसवलेली दहा रुपयांची नाणी ‘एरर’ म्हणून विकली जातात. साच्याच्या दोषात धातू सलग वाहिलेला दिसतो, नंतरच्या इजेत ओरखडे व दाबल्याच्या खुणा दिसतात.

नाणी चिंच, लिंबू किंवा राखेने घासून उजळण्याची घरगुती सवय संग्रहाला घातक आहे. घासलेल्या नाण्याची चमक कृत्रिम असते आणि जाणकार ते लगेच नाकारतात.

फसवणूक व कायदा

२०१२ मध्ये श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पाच व दहा रुपयांची नाणी निघाली. या नाण्याला लाखो रुपये मिळतात असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. प्रत्यक्षात ती मोठ्या संख्येने चलनात आहेत. फसवणुकीची रीत ठरलेली असते. नाण्याचे छायाचित्र मागवले जाते, मोठी रक्कम मान्य केली जाते आणि मग नोंदणी शुल्क, कर किंवा रिझर्व्ह बँकेचे कमिशन म्हणून विक्रेत्याकडूनच पैसे मागितले जातात. पहिली रक्कम भरल्यावर दुसरी मागणी येते. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून आपण अशा व्यवहारांत सहभागी नसून कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असे स्पष्ट केले.

२०११ चा नाणे कायदा संग्राहकांना फारसा परिचित नाही. त्याच्या कलम १२ नुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे गुन्हा आहेच, शिवाय दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या किमतीला विकण्याच्या हेतूने वाजवी गरजेपेक्षा बरीच जास्त नाणी जवळ बाळगणेही प्रतिबंधित आहे. वर्ष व टाकसाळीनुसार एकेक नाणे ठेवणाऱ्याने याची धास्ती घेण्याचे कारण नाही, परंतु नफ्यासाठी थैल्यांचा साठा करणे या तरतुदीत येऊ शकते. याच कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंत आणि ५० पैशांची नाणी १० रुपयांपर्यंतच वैध चलन मानली जातात.

अभ्यासाची साधने

पुण्यात मंगळवार पेठेतील जुना बाजार रविवारी व बुधवारी भरतो. तेथे नाण्यांचे विक्रेते बसतात आणि प्रत्यक्ष भावाचा अंदाज येतो, मात्र बनावट शिवराया व चांदीचे नकली रुपयेही तेथेच भेटतात. मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे २००४ मध्ये सुरू झालेले नाणे संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथील भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्थेत प्राचीन ते अर्वाचीन नाण्यांचा अभ्यास चालतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडेही नाण्यांचा संग्रह आहे.