शंका कुणाची, पुरावा कुणाचा?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा पाचगणीला आला होता. रात्री टेबललँडवर फिरताना त्यानं मोबाईलवरचा एक व्हिडिओ दाखवला. विश्व प्रसरण पावतच नाही, शास्त्रज्ञ हे लपवतात, असं त्यात ठासून सांगितलं होतं, आणि साक्षीला जयंत नारळीकरांचा फोटो. "मामू, नारळीकर सरही हेच म्हणायचे ना?"

नाही, बेटा. हे नीट सांगायला हवं.

दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या दिसतात. हीच रेडशिफ्ट. १९२९ साली हबलनं दाखवलं की दीर्घिका जितकी लांब, तितकी रेडशिफ्ट जास्त. त्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकीनं शंका काढली: लांबच्या प्रवासात प्रकाशच 'थकत' असेल तर? शंका रास्त होती. पण प्रकाश नुसता थकत असेल, तर दूरच्या ताऱ्याचा स्फोट जवळच्याइतक्याच दिवसांत विझायला हवा. १९९० च्या दशकात दूरच्या सुपरनोव्हा मोजल्या गेल्या. रेडशिफ्ट ०.५ असलेल्या स्फोटाचा उजेड विझायला दीडपट वेळ लागत होता, प्रसरणाच्या हिशेबाप्रमाणेच. थकलेल्या प्रकाशाची कल्पना तिथं अडली.

नारळीकरांचं म्हणणं वेगळं होतं. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईलचा विद्यार्थी. १९६१ मध्ये, वय अवघं बावीस, लंडनच्या सभेत त्यांनी मार्टिन राईलच्या निरीक्षणांविरुद्ध हॉईलची स्थिर स्थितीची बाजू मांडली. त्या सिद्धांतातही विश्व प्रसरण पावतंच. नारळीकरांना मान्य नव्हता तो महास्फोट.

मात्र काही क्वेसारांबद्दल त्यांना खरंच संशय होता. हाल्टन आर्प या अमेरिकी निरीक्षकाला कमी रेडशिफ्टच्या दीर्घिकांशेजारी जास्त रेडशिफ्टचे क्वेसार दिसत. ते जोडलेले असतील, तर रेडशिफ्टचा अर्थ अंतर, हे समीकरण तुटतं. नारळीकरांनी १९८० मध्ये पी. के. दास यांच्यासोबत गणित मांडलं: नव्यानं जन्मलेल्या द्रव्यातले कण हलके असतील, तर त्यांचा प्रकाश मुळातच तांबडा असेल. आर्पला पुढं पालोमारच्या दुर्बिणीवर वेळ मिळेना, तो जर्मनीला गेला. त्याला वेळ नाकारणं मला आजही पटत नाही. व्हिडिओवाले याच जखमेवर मीठ विकतात.

पण अन्याय झाला म्हणून मत खरं ठरत नाही. आर्पचं लाडकं उदाहरण म्हणजे एनजीसी ४३१९ ही दीर्घिका आणि तिच्याशेजारचा मार्केरियन २०५. त्यांना जोडणारा प्रकाशाचा पूल आहे, असं तो म्हणे. हबल दुर्बिणीनं मार्केरियनचा वर्णपट तपासला, तेव्हा त्यात दीर्घिकेतल्या वायूनं शोषलेल्या रेषा सापडल्या. म्हणजे प्रकाश दीर्घिकेतून गाळून येतोय, वस्तू तिच्या पाठीमागं आहे.

हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसमनं टॉलेमीवर शंकांचं अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे त्याचा अभिमान फार. पण सत्य शोधणाऱ्यानं स्वतःवरही तितकाच संशय घ्यावा, हे त्यानंच त्यात लिहून ठेवलंय, ते कुणी सांगत नाही.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सर चुकले?"

"क्वेसारांबाबत, माझ्या मते, हो. पण चुकता येईल असं त्यांनी मांडलं होतं. तुझ्या व्हिडिओत तसं एक तरी वाक्य शोधून दाखव."

खाली कृष्णेच्या खोऱ्यात वाईचे दिवे दिसत होते. त्यानं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.