कथा घरी आली, श्रोता कुठे गेला?



सज्जनहो, सप्ताहाच्या मांडवात जुनी मंडळी एकत्र बसली की एक तक्रार हमखास कानी येते. "टीव्ही आला आणि कीर्तनाचा श्रोता गेला." कळंबोलीत सेक्टरासेक्टरांत हरिनाम सप्ताह होतात, आगरी गावांतून होतात, सातारा-सांगलीकडून पोटासाठी इकडे आलेल्या आपल्या घाटावरच्या मंडळींचेही होतात. सगळीकडे हेच बोलणे. मीही आयुष्याची चाळीस-बेचाळीस वर्षे वीणेशेजारी उभे राहून घालवली. मांडवाच्या मागच्या रांगा कशा विरळ होत गेल्या ते डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून ही तक्रार मी उडवून लावणार नाही. पण एखाद्यावर दोष ठेवायचा तर आधी त्याची हकीकत नीट ऐकावी. आज ती हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

देवाची कथा मांडवाबाहेर जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1936 च्या डिसेंबरात प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तिथे वर्षाहून अधिक चालला. दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक, आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. परदेशातला तो मान मोठा खराच, पण आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळी आहे. खेड्यापाड्यांतली माणसे गाड्या जुंपून हा चित्रपट पाहायला येत आणि पागनीस समोर दिसले की हात जोडत. हा नट आहे हे त्यांना कळत नव्हते असे नाही. नमस्कार नटाला नव्हता, तुकोबांच्या नावाला होता.

दुसरी वेळ 1955 ची. त्या वर्षी रामनवमी 1 एप्रिलला, शुक्रवारी आली. पुणे आकाशवाणीने त्या सकाळी गीतरामायणाचा पहिला भाग लावला. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर आठवड्याला एक नवे गीत, असे वर्षभर चालायचे होते. पण त्या वर्षी अधिक मास आला आणि गीतांची संख्या 52 वरून 56 झाली. आठवड्याला एक भाग, पुढच्या भागाची वाट पाहणे, ठरल्या वेळी घरातली कामे आवरून बसणे हे सगळे मालिकेचे नियम महाराष्ट्राने टीव्हीच्या कितीतरी आधी रेडिओवर गिरवले. रेडिओ असायचा एखाद्याच घरी. त्या घरच्या माउलीने सडा घालावा, रेडिओला हार घालावा, उदबत्ती लावावी आणि शेजारपाजारच्यांनी ओसरीवर येऊन बसावे. चातुर्मासात पोथी लागते तेव्हा आपण असेच बसतो ना? मग रेडिओपुढे बसायला लोकांना कुणी शिकवले? पोथीने शिकवले, कीर्तनाने शिकवले.

आता टीव्हीकडे येऊ. दिल्लीत दूरदर्शन 1959 सालीच सुरू झाले होते. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले आणि वर्षभराने सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यालाही चित्र दिसू लागले. 1982 च्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी रंग आले. 1984 साली तर काही महिने असे गेले की देशात जवळपास रोज एक नवे प्रक्षेपण केंद्र उभे राहत होते. त्याच वर्षी जुलैत 'हम लोग' लागली आणि रोजच्या घरगुती गोष्टींची चटक लोकांना लागली. रस्ता असा तयार झाला आणि मग त्यावरून रामकथा आली.

25 जानेवारी 1987, रविवार, सकाळचे साडेनऊ. रामानंद सागर यांच्या 'रामायण'चा पहिला भाग लागला. चित्रीकरण झाले होते उंबरगावला. ते गाव गुजरातचे, पण आपल्या सीमेला अगदी खेटून. संगीत रवींद्र जैन यांचे. त्यांना जन्मापासून दिसत नव्हते, आणि सगळा देश जे डोळे लावून पाहत होता त्याला सूर त्यांनी दिले.

कळंबोलीत तेव्हा सिडकोची घरे वाढत होती, पण टीव्ही घरोघर नव्हता. दहा-बारा बिऱ्हाडांत एक, तोही बहुधा काळा-पांढरा, लाकडी दारांच्या कपाटातला. छपरावर अँटेना, आणि वारा आला की एक पोरगा वर चढून ती फिरवणार. खालून ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" रविवारी सकाळी त्या एका घरात तीस-चाळीस माणसे मावायची. आंघोळ करूनच यायचे, चपला दाराबाहेर. म्हाताऱ्या पुढे जमिनीवर, पोरे त्यांच्या मांडीवर, पुरुष दारात उभे. कुणी आगरी, कुणी घाटावरचे, कुणी कोकणातले, कुणी उत्तरेकडचे. एरवी नळावर भांडणारी बिऱ्हाडे त्या वेळी एका सतरंजीवर. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांनी कुणाला दारातून परत पाठवल्याचे मला आठवत नाही. आम्ही कीर्तनकारांनीही व्यवहार पाहिला. रविवारचा काला असेल तर कीर्तन साडेदहाच्या पुढे धरायचे. मंडळी रामराया पाहून थेट मांडवात येत, आणि सांगतो, त्या दिवसांत श्रोता जास्त जागा असे. कैकेयीचे नाव घेतले की बायकांच्या बाजूने चुकचुकणे ऐकू येई. अर्धी कथा त्यांच्या डोळ्यांपुढे आधीच उभी असे.

म्हणून म्हणतो, पहिल्या दिवसांत टीव्हीने आपला श्रोता पळवला नाही. तो श्रोता आपणच घडवलेला होता आणि आपल्याच रीतीने तो तिथे जाऊन बसला होता.

त्या मालिकेच्या आरंभी आधारग्रंथांची नावे येत. वाल्मीकी आणि तुलसीदास तर होतेच, तमिळ कंब रामायण होते, बंगाली कृत्तिवास होते, आणि त्यांच्या ओळीत आपल्या नाथमहाराजांचे भावार्थ रामायणही होते. पैठणच्या वाड्यात बसून लिहिलेल्या मराठी ओव्यांचे नाव साऱ्या देशाच्या घराघरांत पोचले. आपल्यातल्या किती जणांनी ते वाचले आणि घरी जाऊन तो ग्रंथ उघडला, हा प्रश्न मी त्या काळीही कीर्तनातून विचारत असे.

आता या हकीकतीतला गाभा. मालिका आधी 52 भागांची ठरली होती. लोकांच्या ओढीने ती वाढत वाढत 78 भागांवर गेली आणि 31 जुलै 1988 ला राज्याभिषेकाशी थांबली. थांबली, पण ऐकणाऱ्यांनी ते मानले नाही. पंजाबात जालंधरसारख्या शहरांत सफाई कामगारांनी काम बंद ठेवले. ही मंडळी महर्षी वाल्मीकींना आपले गुरू मानणारी. वाल्मीकींच्या आश्रमात सीतामाई राहिली, लव-कुश तिथे वाढले, ती कथा गाळून रामायण पुरे कसे होईल, असे त्यांचे म्हणणे. अखेर त्यांचे ऐकावे लागले आणि उत्तरकांडाची पुढची मालिका आली.

हे वाचताना वारकऱ्याला दुसरे काही आठवायला हवे. भावार्थ रामायण नाथांच्या हातून पुरे झाले नाही. युद्धकांडाच्या 44 व्या अध्यायापर्यंत ते आले आणि नाथांनी देह ठेवला. पुढचे कुणी लिहिले? गावबाने. पुरणपोळीच्या आवडीने नाथांघरी येऊन राहिलेला, सगळे ज्याला मंद समजत असा पोरगा. मंत्र सांगायला गेले तर तो म्हणे, मला एकनाथ या नावाखेरीज काही येत नाही. नाथांची कथा रोज कानांवर पडत होती, तेवढेच त्याचे शिक्षण. त्याने ग्रंथ पूर्ण केला, आणि नाथ कुठे थांबले, गावबा कुठे सुरू झाला हे ओवीवरून ओळखू येत नाही असे जाणते सांगतात.

जालंधरचे सफाई कामगार आणि पैठणचा गावबा यांच्यात चारशे वर्षांचे अंतर आहे, पण दोघे एकाच जातीचे, म्हणजे श्रोत्याच्या जातीचे. कथा सांगणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याची असते आणि ती अपुरी राहिली तर ती पुरी करून घेण्याचा हक्क ऐकणाऱ्याचा असतो. आपल्या संप्रदायात तर हे पायाशी आहे. ज्ञानेश्वर माउली नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागते ते एकच, अवधान. ते दिले की बाकी सगळे आपसूक मिळेल अशी तिची ग्वाही आहे.

पुढची हकीकत लवकर सांगतो. 2 ऑक्टोबर 1988 ला, पुन्हा एका रविवारी, बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' लागले आणि 94 भाग होऊन 24 जून 1990 ला संपले. त्यातले श्रीकृष्ण झाले आपले नितीश भारद्वाज, आणि संवाद लिहिले राही मासूम रझा यांनी. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना संत मानणाऱ्या आपल्याला त्यात नवल वाटायचे कारण नाही. मग 1990 नंतर केबल आली, वाहिन्या वाढल्या. आपले संतही पडद्यावर आले. 2014 साली तुकोबांवर 'तू माझा सांगाती', 2017 साली 'विठू माउली', 2021 साली 'ज्ञानेश्वर माउली'. कथा वाढल्या, रंग वाढले, पडदे मोठे झाले.

आणि याच काळात मांडव विरळ झाले. का? माझ्या मते कारण कथेत नव्हते, उंबऱ्यात होते. घरोघर टीव्ही झाला आणि शेजारच्या घरी जाण्याचे काम उरले नाही. मग खोलीखोलीत झाला, आता हातात आहे. 28 मार्च 2020 पासून टाळेबंदीत तेच रामायण दूरदर्शनने पुन्हा लावले, सकाळी आणि रात्री. कोट्यवधींनी पाहिले. पण दार बंद होते, प्रत्येक जण आपापल्या घरात. त्याच वर्षी आषाढीला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. 1987 चेच रामायण, तेच राम, तीच सीता, पण सतरंजी नव्हती. ज्याने दोन्ही वेळा पाहिले त्याला विचारा, कोणती वेळ लक्षात आहे.

रविवारच्या त्या सकाळीचे बळ पेटीत नव्हते, माणसांनी माणसांजवळ बसण्यात होते. ती बैठक मोडली तेव्हा आधी टीव्हीची मोडली, मग कीर्तनाची. आपण मात्र कीर्तनाचे तेवढे पाहिले आणि दोष पेटीला दिला.

कीर्तन आणि मालिका यांत एक फरक मात्र आहे आणि तो विसरून चालणार नाही. पडद्यापुढे तुम्ही उठून गेलात तरी कथा चालूच राहते, तिला तुमची गरज नसते. कीर्तनात टाळकरी मागे उभे नसतील, मृदंगमणी थाप देणार नसेल, समोरचा श्रोता विठ्ठल विठ्ठल म्हणणार नसेल तर कीर्तनकाराच्या तोंडून चरण निघत नाही. मोबाईलवर मोठमोठ्या महाराजांची कीर्तने आज झोपून ऐकता येतात. ऐकावीत, वाईट काही नाही. पण त्या महाराजांना तुम्ही दिसत नाही, आणि तुमच्या शेजारी बसून डोळे पुसणारा कुणी नसतो.

तेव्हा सज्जनहो, पेटीशी भांडण नको. भांडून ती जाणारही नाही. तीन गोष्टी मात्र आपल्या हातच्या आहेत. घरात संतांची मालिका लागली तर ती एकट्याने पाहू नका, दार उघडे ठेवा, शेजारच्या आजींना बोलवा. कथेत जो प्रसंग आला तो भावार्थ रामायणातून नाहीतर गाथेतून काढून नातवंडांकडून मोठ्याने वाचून घ्या, अडखळले तरी चालेल. आणि आपल्या वस्तीतला सप्ताह आला की त्या नातवंडांना पुढच्या रांगेत नुसते बसवू नका, हातात टाळ देऊन मागे उभे करा. पुरणपोळीसाठी आले तरी येऊ द्या. गावबाही त्यासाठीच आला होता.