वॉर फॉर द ओक्स
परीलोकातील दोन दरबारांच्या वैरावरील इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरी (१९८७). अमेरिकन लेखिका एमा बुल यांची ही पहिलीच कादंबरी.

सीली व अनसीली हे दरबार स्कॉटिश लोकसमजुतींतून आले आहेत (पहा : परीकथा, लोकसाहित्य). सीली म्हणजे मंगल, निरुपद्रवी नव्हे. कादंबरीतही हा दरबार माणसाला वेठीस धरतोच. कथा अमेरिकेतील मिनीॲपोलिस शहरात घडते. रॉक गायिका व गिटारवादक एडी मॅकॅन्ड्री हिला सीली पक्ष युद्धात ओढतो, कारण मर्त्य माणूस हजर असेल तरच रणात अमर परीजनांना मृत्यू येतो. तिचा रक्षक फूका हा आयरिश लोककथांतील रूपपालटू जीव (पहा : आयरिश लोककथा), तो कधी पुरुष असतो, कधी काळा कुत्रा. पहिली लढाई मिनेहाहा धबधब्यापाशी होते, अखेरचा सामना मात्र संगीताचा असतो. एडीचा नवा बँड आणि त्याच्या तालमी यांनाही कथेत युद्धाइतकेच महत्त्व आहे.

पहिल्या कादंबरीसाठीचा लोकस पुरस्कार या कादंबरीला मिळाला (१९८८). अर्बन फँटसी या प्रकारातील आरंभीच्या कृतींत तिची गणना होते (पहा : अद्भुतरम्य साहित्य).