विषुववृत्त

दोन्ही ध्रुवांपासून सारख्या अंतरावर पृथ्वीभोवती कल्पिलेले वर्तुळ. अक्षांश ०°, लांबी सुमारे ४०,०७५ किमी.

शब्दाचे मूळ वैदिक आहे. संस्कृत ‘विषुवत्’ म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असलेले, मधले. वर्षभर चालणाऱ्या ‘गवामयन’ या यज्ञसत्रात बरोबर मध्यावर येणाऱ्या दिवसाला हेच नाव होते. लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’ (१८९३) या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. पुढे दिवस व रात्र सारखे होण्याच्या क्षणाला ‘विषुव’ म्हणू लागले. त्या वेळी सूर्य आकाशातील ज्या वर्तुळावर असतो ते विषुववृत्त. म्हणजे हे नाव आधी आकाशाचे आणि मग जमिनीचे, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांत पृथ्वीवरील या पट्ट्यास ‘निरक्ष देश’ म्हटले असून लंका त्यावर कल्पिली आहे. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची पडणारी सावली ती ‘पलभा’. तिच्यावरून गावाचा अक्षांश काढीत. निरक्ष देशी ती शून्य.

युरोपीय भाषांतील ‘इक्वेटर’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधील ‘दिवस व रात्र समान करणारा’ अशा अर्थाच्या पदावरून आला. तोही प्रथम आकाशातील वर्तुळासाठीच होता. दोन दूरच्या परंपरांनी समतेच्या एकाच कल्पनेवरून नाव घडवावे, हे विलक्षण आहे. दक्षिण अमेरिकेतील एक्वादोर या देशाचे नावही या वर्तुळावरूनच पडले.