चुकाऱ्याचा शोध: वऱ्हाडच्या बाजार-कायद्यांच्या कागदांतून

शेतमालाच्या बाजारांचे नियमन करणारा हिंदुस्थानातला पहिला स्वतंत्र कायदा १८९७ साली वऱ्हाडासाठी झाला. कापूस आणि धान्याच्या बाजारांचा हा कायदा कृषी-पणनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात भेटतो. त्यामागचा वादविवाद मात्र भेटत नाही, कारण तो कुठल्या विधिमंडळात झालाच नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, पण कायद्याच्या दृष्टीने तो ब्रिटिश हिंदुस्थानाचा भाग नव्हता. कलकत्त्याच्या विधिमंडळाचा कायदा इथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरलचे हुकूम आणि हैदराबादच्या रेसिडेंटचे आदेश यांवर सारे चाले. त्यामुळे कोणी बाजू मांडली, कोणी विरोध केला, व्यापारी काय म्हणाले, कुणब्याला कोणी विचारले का, याची पाने या कायद्याला जोडलेली नाहीत. हातात राहतात ते हुकूम, गॅझेटियर आणि नंतरच्या आयोगांचे अहवाल. हे कागद एकापुढे एक मांडून एकच प्रश्न विचारायचा: माल दिला, आता त्याचे पैसे, म्हणजे चुकारा, कधी मिळणार, याचे उत्तर कायद्याने केव्हा दिले?

सुरुवातीच्या कागदांत हा प्रश्नच नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि इंग्रजांचे लक्ष वऱ्हाडाकडे वळले. मुंबई इलाख्यात १८६३ मध्येच कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा झाला. माती, सरकी, ओलावा, हलक्या जातीची मिसळ हे गुन्हे ठरले आणि त्यांच्यासाठी तपासनीस नेमले गेले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा कापूस आयुक्त आला. त्या काळाच्या सरकारी लिखाणात गाठी, बियाणे, रस्ते आणि रेल्वे यांचा तपशील भरपूर आहे. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला आणि पुढच्या वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीचा. या सगळ्यात ज्याचे हित जपायचे तो ग्राहक मँचेस्टरमध्ये बसला होता. त्याला निर्मळ कापूस हवा होता आणि कायदा त्याच्यासाठी धावला. आज आपण ज्याला ग्राहक संरक्षण म्हणतो त्याची वऱ्हाडातली पहिली आवृत्ती ही अशी, सातासमुद्रापलीकडच्या खरेदीदाराच्या सोयीची.

विकणाऱ्याकडे नजर वळायला १८८६ उजाडले. त्या वर्षी हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा इथे नियमनाखालचा कापूस बाजार सुरू झाला. कारंजा तेव्हा अमरावती जिल्ह्यात होते, १९०५ च्या फेररचनेत मूर्तिजापूर तालुक्याबरोबर अकोल्यात गेले आणि १९९८ पासून वाशिम जिल्ह्यात आहे. जुने कागद शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, नाहीतर तो भलत्याच जिल्ह्याचे दप्तर उघडून बसतो.

कारंजाच्या अनुभवानंतर अकरा वर्षांनी १८९७ चा कायदा आला. बाजार कुठे भरेल ते ठरले. नेमल्या जागेबाहेर बाजार भरवणे दंडनीय झाले. दलाल आणि मापारी यांना परवाना लागू लागला. देखरेखीला समिती आली. विक्रेत्याच्या रकमेतून परस्पर कापल्या जाणाऱ्या रकमांवरही हात पडला. या कपातींची नावे जुन्या बाजारात बसलेल्या कोणालाही तोंडपाठ असतील: कडता, धर्मादाय, गोशाळा, पाठशाळा. दान अडत्याच्या नावावर आणि पैसा कुणब्याचा. ही प्रथा मोडायचा प्रयत्न या कायद्याने केला, हे त्याचे खरे श्रेय मानतो.

पण समितीवर कोण बसले? इथे १९२८ चा अहवाल उपयोगी पडतो. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कृषी आयोगाने वऱ्हाडच्या बाजारांची वाखाणणी केली आणि देशभर असे बाजार व्हावेत असे सांगितले. सोबत दोषही नोंदवले. समित्यांवर कापूस पिकवणाऱ्यांचा आवाज नव्हता. बाजाराची शिल्लक बाजारासाठीच खर्ची पडेल अशी तजवीज नव्हती, ती नगरपालिकांच्या तिजोरीकडे वळे. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने शेतकऱ्यांना समितीत जागा दिली होती आणि आयोगाला तो नमुना अधिक पसंत पडला. आयोगाच्या शिफारशींतली एक ओळ आपल्या प्रश्नाला भिडते: बाजारातच तंटे सोडवणारी यंत्रणा हवी. एकाच दलालाने दोन्ही बाजूंचे काम पाहू नये, हेही तिथेच आहे.

यातून निघतो तो तर्क असा. तीस वर्षे चाललेल्या आदर्श बाजारांचा अभ्यास करूनही आयोगाला तंट्याच्या सोयीची शिफारस करावी लागली, म्हणजे जुन्या व्यवस्थेत काट्यावर जेवढी नजर होती तेवढी वांध्यावर नव्हती. कापूस जिनिंगमध्ये रिकामा करताना खरेदीदाराने ‘माल नमुन्यासारखा नाही’ म्हणत भाव पाडला की गाडीवाल्यापुढे दोनच वाटा: पाडलेला भाव घ्या, नाहीतर कापूस पुन्हा भरा. दिवाणी कोर्टाचा रस्ता होता, पण रात्रीपर्यंत गावी परतायचे असणाऱ्यासाठी तो नसल्यासारखाच.

त्यानंतरची वाटचाल भराभर झाली. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३२ मध्ये कापूस बाजाराचा आणि १९३५ मध्ये इतर शेतमालाच्या बाजाराचा कायदा झाला. याच सुमारास, १९३० ते १९३३, अमरावतीचे पंजाबराव देशमुख प्रांताचे मंत्री होते आणि १९३३ चा कर्जलवादाचा कायदा त्यांच्या नावाशी जोडला गेला. कर्ज आणि बाजार हे दोन्ही प्रश्न एका वेळी कायद्याच्या टेबलावर आले, यात मला योगायोग दिसत नाही. सावकार, अडत्या आणि खरेदीदार अनेकदा एकच माणूस असे, आणि त्याच्याकडून येणे असलेली रक्कम त्याच्याच देण्यात वळती होई. मुंबई राज्याचा कायदा १९३९ चा, मराठवाड्यात निजामाचा वेगळा. महाराष्ट्र झाल्यावर हे सगळे रद्द करून १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला आणि १९६७ मध्ये अंमलात आला. त्यात वजन, प्रत, कपाती आणि चुकारा यांवरचे तंटे बाजार समितीकडे नेण्याची सोय झाली. शेतकऱ्याचा चुकारा चोवीस तासांत हाती पडावा हा दंडक अकोल्याच्या आणि अमरावतीच्या बाजार समितीत आज कोणीही सांगेल. कारंजाच्या हुकुमापासून मोजले तर पैशाच्या तारखेपर्यंत यायला कायद्याला सुमारे ऐंशी वर्षे लागली.

मात्र हा दंडक साखळीतल्या पहिल्याच कडीला लागू आहे. अडत्या शेतकऱ्याला चोवीस तासांत देतो आणि पुढचा खरेदीदार अडत्याला महिना-दोन महिने थांबवतो. या दुसऱ्या कडीवर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तक्रार सुविधा परिषदेकडे. अकोल्यातली छोटी डाळमिल उत्पादक असल्याने नोंदणी करून याचा आधार घेऊ शकते. तिच्या शेजारचा तुरीचा ठोक व्यापारी घेऊ शकत नाही. जुलै २०२१ मध्ये किरकोळ आणि ठोक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती केवळ बँकांच्या प्राधान्य कर्जासाठी. ते प्रमाणपत्र भिंतीवर लावून ४५ दिवसांचा हक्क सांगणारे व्यापारी भेटतात, आणि त्यांची निराशा ठरलेली असते.

मग ग्राहक आयोग? तिथला निवाडाही महाराष्ट्रातल्याच वादातून आला. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने घेतलेले यंत्र उशिरा आणि सदोष आले. राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती फिरवली आणि ४ एप्रिल १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आयोगाची बाजू उचलून धरली. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. मात्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबवण्यासाठी टंकयंत्र, रिक्षा किंवा लेथ घेणारा ग्राहकच राहतो. २०१९ च्या नव्या कायद्यातही ही सूट टिकली आहे. म्हणून एकट्याने गिरणी चालवणारा मोटार बिघडल्याची तक्रार जिल्हा आयोगात नेऊ शकतो, पण गिऱ्हाइकाकडे अडकलेली उधारी तिथे नेता येत नाही. उधारीचा दावा दिवाणी न्यायालयात, साधारणपणे तीन वर्षांच्या आत. धनादेश परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला १५ दिवसांची मुदत, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. या मुदती हुकल्यामुळे खरी येणी बुडतात.

दीडशे वर्षांचे हे सारे कागद सरकारचे आहेत. त्यांत विकणाऱ्याचा आवाज ऐकायचा तर त्याच्याच कागदांकडे जावे लागते: अडतीच्या वह्या, मापाऱ्याच्या चिठ्ठ्या, हिशोबपट्ट्या, वांध्यांचे अर्ज. अकोला, अमरावती, कारंजा, खामगाव, अकोट इथल्या जुन्या अडत घराण्यांच्या माळ्यांवर असे गठ्ठे अजून असतील. ते रद्दीत घालण्याआधी विद्यापीठातल्या इतिहासाच्या अभ्यासकांना किंवा पुराभिलेखागाराला एकदा दाखवावेत, ही विनंती.