विद्यार्थ्यांच्या आधी उभं राहिलेलं विद्यापीठ

"तू अमेरिकेत असतेस, तिकडचं काहीतरी लिही," असं स्मरणिकेच्या संपादक मंडळातल्या मैत्रिणीने बजावलं. तिकडचा बर्फ आणि मॉल आता सगळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून मी नोकरी करते त्या सिअ‍ॅटल शहरातल्या विद्यापीठाच्या पहिल्या जागेची गोष्ट सांगते. इतिहासाच्या तासाला मी किती लक्ष द्यायचे हे आठवून बाईंना हसू येईल, ते येऊ दे.

साल १८६१. वॉशिंग्टन अजून राज्य नव्हतं, नुसता प्रदेश होता. सिअ‍ॅटल म्हणजे समुद्रकाठची लाकडाची गिरणी, काहीशे माणसं आणि मागे घनदाट जंगल. आर्थर डेनी या पुढाऱ्याला गावात खरं तर राजधानी आणायची होती. डॅनियल बॅगली या धर्मोपदेशकाने त्याला पटवलं की विद्यापीठ मागणं जास्त शहाणपणाचं. सरकारची अट होती दहा एकर जमिनीची. बहुतेक डेनीने दिली, उरलेली टेरी दांपत्य आणि लँडर यांनी. बांधकामाचा पैसा आला विद्यापीठाच्या नावाने मिळालेली सरकारी जमीन विकून, एकरी दीड डॉलरने! तिकडे पूर्वेला यादवी युद्ध पेटलेलं आणि इकडे २० मे रोजी टेकडीवर कोनशिला बसली. ४ नोव्हेंबरला वर्ग सुरूही झाले. पांढरी दुमजली लाकडी इमारत, दर्शनी भागात ग्रीक धाटणीचे चार उंच खांब, तेही देवदाराचे.

मला गंमत वाटते ती पुढची. एवढ्या थाटाच्या विद्यापीठात कॉलेजच्या दर्जाचा विद्यार्थी होता एकच, बॅगलींचाच मुलगा क्लॅरेन्स. बाकी सगळी शाळकरी पोरं! अध्यक्ष आणि शिक्षक दोन्ही एकच, बावीस वर्षांचा एसा मर्सर. त्याने त्याआधी त्याच जागेवरची झाडं तोडायला हात लावला होता. आपलं मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ मध्ये. तिथे नेमकं उलटं होतं. परीक्षा होत्या, १८६२ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे पदवीधरही निघाले, पण कारभार चालायचा टाऊन हॉलमधून, स्वतःची इमारत नव्हती.

सिअ‍ॅटलला पहिली पदवी द्यायला १८७६ उजाडलं. मधल्या काळात पैशांअभावी दारं अनेकदा बंद झाली. ती पहिली पदवीधर होती मुलगी, क्लारा मॅकार्टी. पुढे ती पिअर्स काउंटीतल्या शाळांची अधीक्षक झाली. हे वाचून मी आमच्या इंजिनीअरिंगच्या वर्गातल्या मुलींची संख्या मनात मोजली.

पण "दान केलेली जमीन" हे शब्द मला सहज गिळता येत नाहीत. हा मुलूख डुवामिश लोकांचा. १८५५ च्या पॉइंट इलियट तहाने तो गोऱ्यांकडे गेला, आणि १८५६ च्या जानेवारीत याच गावात लढाई झाली. गावाला नाव दिलं त्यांच्याच सरदाराचं. त्याच गावाने १८६५ मध्ये ठराव केला की इंडियन लोकांनी गावात राहायचं नाही. विद्यापीठ सुरू होऊन तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. डेनी-बॅगलींची जिद्द मला खरंच मोठी वाटते, पण हा ठराव बाजूला ठेवून तिचं कौतुक करणं मला जमत नाही.

१८९५ मध्ये विद्यापीठ गावाबाहेरच्या प्रशस्त जागेत गेलं. जुनी टेकडी मात्र विकली नाही, भाड्याने दिली. हा निर्णय मला सगळ्यात दूरदृष्टीचा वाटतो. शहर वाढलं, जंगलाच्या जागी भर बाजारपेठ आली, आणि १९२४ मध्ये तिथे उघडलेलं ऑलिंपिक हॉटेल आजही उभं आहे. त्या जागेचं भाडं अजून विद्यापीठाला मिळतं.

जुनी इमारत पाडली गेली, तरी चार खांब वाचले. ते नव्या आवारात झाडांमध्ये उभे आहेत. त्यांना नावंसुद्धा दिली आहेत: निष्ठा, उद्योग, श्रद्धा आणि कार्यक्षमता. शेवटचं नाव ऐकलं की मला ऑफिसातलं अप्रेझल आठवतं. पदवीचे झगे घातलेली पोरं तिथे फोटो काढत असतात. कोणी इकडे आलात तर कळवा, मी दाखवायला घेऊन जाईन.