लिंबू कानाला लावा

पाय उचला, पटपट! सदाशिव पेठेतल्या या वाड्याची दगडी फरशी दुपारी दोन वाजता कुणाची गय करत नाही. 1979चा उन्हाळा आहे, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि तुमच्या पायात चपला नाहीत. असल्याच तर त्या कुणीतरी घालून गेलंय. पळत जाऊन जिन्याच्या सावलीत उभे राहा.

नाक झोंबलं ना? चौकात कल्हईवाला बसलाय. त्याच्या पोराने भाता दाबला की निखारे लालभडक होतात. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडते, भसकन पांढरा धूर उठतो आणि धुणं वाळत घालणाऱ्या काकू खोकत खोकत त्याच्यावर खेकसतात. तो ढुंकूनही बघत नाही. कापसाचा बोळा आतून गर्रकन फिरवतो आणि काळं पातेलं चांदीसारखं होऊन पाण्यात ‘चर्र’ करतं. या नवसागराचा वास नाकात राहू द्या, तो पुढे लागणार आहे.

आता वर चला. लाकडी जिना करकरतो, कठड्याला रॉकेलचा वास आहे, कुणाच्या तरी घरात खलबत्ता चाललाय. समोरच्या सज्जात स्कायलॅब हे अवकाशस्थानक नेमकं कुणाच्या डोक्यावर कोसळणार यावरून दोन आजोबा हमरीतुमरीवर आलेत. आपल्या गॅलरीत कुरडयांच्या शेजारी चार सेल ओळीने उन्हात पडलेत. अप्पांच्या ट्रान्झिस्टरचे आहेत. ऊन खाल्लं की त्यांना थोडी धुगधुगी येते आणि संध्याकाळच्या बातम्या तरी निघतात. त्यांना हात लावायचा नाही.

दादाने हात लावलेला सेल वेगळा आहे, ऊन दाखवूनही न उठलेला. “धर घट्ट,” तो म्हणतो. तुम्ही धरता, तो बत्त्याने ठोकतो. वरचं डांबर फुटतं, काळी भुकटी तुमच्या बोटांना, सदऱ्याला, नाकाला लागते. मधली कार्बनची कांडी तो खिशात घालतो. तिने भिंतीवर स्टंप काढता येतात. कडेने चिकटलेल्या पांढरट लगद्यात खाली धुरावतोय तोच नवसागर आहे. आता तो रिकामा डबा उजेडासमोर धरून बघा. जस्ताचा पत्रा ठिकठिकाणी कुरतडल्यासारखा झालाय, दोन-तीन भोकांतून चक्क ऊन आत येतंय. उंदराने खाल्लेला नाही. गेले दोन महिने अप्पांनी रेडिओवर ऐकलेल्या ‘आपली आवड’ची किंमत या पत्र्याने मोजलीय.

कात्रीने त्याची एक पट्टी कापा. बोट सांभाळा, धार लागते. लिंबाची बॅटरी करायला तांबंही हवं, ते कुठून आणायचं? दादा देवघराकडे बघतो आणि तुम्ही दादाकडे. आजी आडव्या झाल्यात, पंचपात्रातली पळी मोकळी आहे.

लिंबू आधी जमिनीवर तळव्याने दाबून लोळवा, आतल्या फोडी सैल व्हायला हव्यात. मग एका बाजूला पळीचा दांडा, दुसऱ्या बाजूला जस्ताची पट्टी खुपसा. दोघांना एकमेकांशी भिडू देऊ नका. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो आणि कालच्या खरचटलेल्या जागी अस्सा चरचरतो! दोन्हीकडून तारा काढून टॉर्चच्या बल्बला लावा.

काही होत नाही. होणारही नाही. एका लिंबातून जेमतेम एक व्होल्ट मिळतो आणि प्रवाह मिलिअँपिअरच्या आसपास घुटमळतो. या बल्बला दोन-तीनशे मिलिअँपिअर लागतात. तुमच्या मूळ काळात तीन-चार लिंबं जोडून इवलासा एलईडी मिणमिणतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. इथे गल्लीत एलईडी कुणी पाहिलेला नाही. म्हणून दादा ट्रान्झिस्टरचा, एकाच कानाचा इयरफोन आणतो. त्याच्या पिनच्या टोकाला पळीची तार गुंडाळतो, इयरफोन तुमच्या कानात कोंबतो आणि जस्ताची तार पिनच्या दांड्यावर घासतो.

खर्र. टक. खर्र खर्र.

ऐकलंत? लिंबाचा आवाज, असं दादा म्हणतो. मला विचाराल तर आवाज जस्ताचा आहे. पुस्तकं उगाचच लिंबाला शाबासकी देतात. जस्त आंबट रसात विरघळत जातं आणि आपले इलेक्ट्रॉन पट्टीतच सोडून जातं. ते तारेतून, तुमच्या कानातल्या इयरफोनमधून वळसा घेऊन तांब्याकडे पोचतात. लिंबू मधली वाट तेवढी ओली ठेवतं. चिंच, कैरी, बटाटासुद्धा हे काम करतो. डब्याला पडलेली भोकं आठवा, तिथे नवसागराने हेच केलं होतं.

कानात तार घालणारे तुम्ही पहिले नव्हेत. इटलीतल्या व्होल्टाने चांदी-जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे एकावर एक रचून जगातली पहिली बॅटरी केली आणि 1800 साली तिच्याविषयी पत्र लिहिलं. तिच्या टोकांना जोडलेल्या धातूच्या कांड्या त्याने स्वतःच्या दोन्ही कानांत घातल्या होत्या. डोक्यात धक्का बसला आणि दाट काहीतरी रटरटत असल्यासारखा आवाज आला. तो प्रयोग पुन्हापुन्हा करायची त्याला हौस उरली नाही. तुमच्या कानात एकच लिंबू आहे, घाबरू नका.

बातमी वाड्यात पसरलीय. गॅलरीत सात-आठ पोरं, घामाचा वास, ढकलाढकली. “ए, मला दे ना!” “माझा नंबर आहे!” “हिला काही ऐकू येत नाहीये, उगाच हो म्हणतेय!” इयरफोन एका कानातून दुसऱ्या कानात, पुसण्याची भानगड नाही. कुणीतरी घरातून अजून दोन लिंबं पळवून आणतं. पण तांब्याची पळी एकच, त्यामुळे ती लिंबं नुसतीच हातात घेऊन उभं राहावं लागतं.

“माझी पळी कुठंय?”

आजी उठल्या. दादा घाईघाईने पळी उपसतो. दांड्याचा लिंबात बुडालेला भाग लख्ख झालाय, बाकीचा काळपट. आजी पळी उलटसुलट करून बघतात आणि, आश्चर्य म्हणजे, काही बोलत नाहीत. मग त्यांची नजर जस्त खुपसलेल्या लिंबाकडे जाते. “सरबताला घेते,” म्हणून त्या हात पुढे करतात.

“नको आजी! त्यात जस्त उतरलंय, टाकून द्यायला लागेल.”

“टाकून? बाजारात लिंबांचा भाव ठाऊक आहे का मेल्यांनो?”

पळा. जिन्याने नको, खाली कल्हईवाल्याचे निखारे आहेत.